भिंतीने काढलेला फोटो

"आत्या, या भिंतीला गाठी आहेत!"

चंडीगडमधली आमची पहिलीच सकाळ. माझी सहावीतली भाची एका काँक्रीटच्या भिंतीला जवळजवळ नाक लावून उभी होती. मी जवळ गेले. खरंच की! राखाडी भिंतीवर उभ्या उभ्या बारीक रेषा होत्या, अगदी लाकडाला असतात तशा. मध्येच एके ठिकाणी त्या रेषा वळसा घालून गेल्या होत्या आणि वळशाच्या पोटात एक गोल गाठ होती. हात लावला, तर थंड आणि खरखरीत. हाताला दगड, डोळ्यांना लाकूड!

"लाकडाची भिंत आहे का ही?"

"नाही गं, काँक्रीटचीच आहे."

"मग ही गाठ कोणी कोरली?"

"कोणीच नाही."

"मग?"

या 'मग?'च्या मागे लागून आम्ही पुढचे चार दिवस शहरभर हिंडलो. तिच्या हातात माझा जुना मोबाइल होता, कॅमेरा म्हणून दिलेला. गाडीतच आम्ही एक खेळ ठरवला होता: या सहलीत जो फोटो काढायचा त्यात दोन गोष्टी हव्यातच. एक काँक्रीट आणि एक जिवंत काहीतरी. झाड, पक्षी, शेवाळ, मुंगी, काहीही चालेल. नुसती इमारत बाद आणि नुसतं फूलही बाद. करून बघा तुम्हीही. वाटतं तेवढं सोपं नाही, आणि मजा तर विचारू नका.

आता त्या गाठीकडे येऊ. तुमच्या घराजवळ बांधकाम चाललेलं असेल, तर कधीतरी कानावर पडलं असेल, "उद्या आमचा स्लॅब पडणार." ऐकून घाबरायचं नाही बरं का. स्लॅब पडणार म्हणजे ओतला जाणार! आधी फळ्या किंवा पत्रे ठोकून साचा तयार करतात. त्याला बांधकामावरची माणसं सेंट्रिंग म्हणतात. साच्यात लोखंडी सळयांची जाळी बांधतात आणि मग सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचं मिश्रण त्यात ओततात. हे ओलं काँक्रीट थालीपिठाच्या सैल पिठासारखं असतं. ते साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतं. फळीवर केसाएवढी बारीक रेघ असली, तरी सिमेंटचे कण तिच्यात जाऊन बसतात, कारण ते त्याहूनही बारीक असतात.

पुढे काय होतं? तुम्ही म्हणाल, काँक्रीट वाळतं. बहुतेक मोठी माणसंही असंच म्हणतात. पण ते वाळत नाही, ते घट्ट होतं, आणि या दोहोंत फार फरक आहे. कपडा वाळतो तेव्हा पाणी उडून जातं. काँक्रीटमध्ये पाणी सिमेंटशी संयोग पावतं. सिमेंटच्या प्रत्येक कणाभोवती अतिशय बारीक, सुयांसारखे स्फटिक वाढू लागतात आणि बाभळीच्या काट्यांचं कुंपण एकमेकांत अडकावं तसे ते शेजारच्या कणाच्या स्फटिकांत अडकून बसतात. म्हणून तर काँक्रीट पाण्याखालीसुद्धा घट्ट होतं. आणि म्हणूनच स्लॅब पडला की दुसऱ्या दिवसापासून त्यावर पाणी मारतात. त्याला वाळू द्यायचं नसतं, तहानलेलं ठेवायचं नसतं.

घट्ट झालं की फळ्या काढतात. फळीवर जिथे उंचवटा होता तिथे भिंतीवर खळगा दिसतो, आणि जिथे खाच होती तिथे रेघ वर आलेली असते. सगळं उलटं. पूर्वी कॅमेऱ्यात रोल घालायचे तेव्हा आधी निगेटिव्ह मिळायची, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालेली. हेही तसंच.

भाची क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे भिंतीने फळीचा फोटो काढलाय!"

किती बरोबर बोलली ती! आपला कॅमेरा उजेडाचा ठसा घेतो आणि ओलं काँक्रीट स्पर्शाचा. ती फळी कदाचित साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोणाच्या तरी चुलीत गेली असेल. पण तिचा फोटो भिंतीवर आहे. आणि लाकडातली गाठ म्हणजे काय, माहीत आहे ना? खोडातून जिथे फांदी फुटलेली असते, तिथे फळीत गाठ दिसते. म्हणजे आम्ही एका फांदीच्या जागेचा फोटो बघत होतो. त्या फांदीवर कधी पक्षी बसले असतील, पावसाळ्यात ती हिरवीगार झाली असेल. नुसती राखाडी भिंत म्हणून आम्ही पुढे गेलो असतो तर?

हे शहर मुळात वसलं कसं, ते थोडक्यात सांगते. १९४७ मध्ये फाळणी झाली आणि पंजाबची राजधानी लाहोर पाकिस्तानात गेली. भारतातल्या पंजाबला नवी राजधानी हवी होती. १९५१ मध्ये ल कोर्बुझिए नावाच्या वास्तुरचनाकाराकडे हे काम आलं. त्यांचा जन्म स्वित्झर्लंडचा आणि काम फ्रान्समध्ये. त्यांना उघडं काँक्रीट फार आवडायचं. त्यावर गिलावा नाही, रंगही नाही. साचा काढल्यावर जसं निघेल तसं ठेवायचं, कुठे पत्र्याची छाप तर कुठे फळ्यांची. विधानसभा, उच्च न्यायालय आणि सचिवालय अशा तीन भव्य इमारती त्यांनी शहराच्या उत्तर टोकाला, शिवालिक डोंगरांच्या पायथ्याशी उभ्या केल्या. या सगळ्या परिसराला कॅपिटॉल कॉम्प्लेक्स म्हणतात. २०१६ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. तिथे मार्गदर्शकासोबतच जावं लागतं आणि ओळखपत्र जवळ ठेवावं लागतं.

आम्ही तिथे पोचलो ते भर दुपारी बाराला. भाचीने धडाधड वीसेक फोटो काढले, मग सावलीत बसून पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. "सगळं सपाट दिसतंय. त्या सकाळच्या भिंतीसारखं एकही नाही."

चूक तिची नव्हती. ऊन समोरून पडलेलं असलं की भिंतीचे खड्डे-उंचवटे फोटोत हरवतात. उजेड बाजूने, तिरपा आला की प्रत्येक बारीकशा उंचवट्याच्या मागे बारीकशी सावली पडते आणि त्या सावल्यांमुळेच आपल्याला खरखरीतपणा दिसतो. आज रात्री घरी हा प्रयोग करून बघा. दिवा घालवा. टॉर्च भिंतीच्या अगदी समोर धरा. भिंत गुळगुळीत वाटेल. आता टॉर्च भिंतीला चिकटवून कडेने उजेड पाडा. रंगाऱ्याच्या हाताचे फटकारे, खिळ्यांची बुजवलेली भोकं, कुठेतरी आलेला फुगवटा, सगळं एकदम वर येईल. भिंतीला किती सुरकुत्या आहेत ते तेव्हाच कळतं!

ल्युसियँ एर्वे या छायाचित्रकाराला ही गोष्ट पक्की ठाऊक होती. तो जन्माने हंगेरियन, पण फ्रान्समध्ये राहायचा आणि कोर्बुझिए यांच्या इमारतींचे फोटो काढायचा. १९५५ आणि १९६१ मध्ये तो चंडीगडला आला होता. त्याच्या कृष्णधवल फोटोंत इमारतीपेक्षा सावलीच जास्त भरते, असं मला नेहमी वाटतं. काळ्या सावलीचा मोठा तुकडा आणि त्याला चिरत गेलेली उजेडाची एक पट्टी. फोटो छापून झाले की तो चक्क कात्री घ्यायचा आणि नको तो भाग कापून टाकायचा. आज मोबाइलमध्ये आपण बोटाने फोटोच्या कडा आत सरकवतो, ती हीच कात्री.

त्या दुपारचं ऊन फोटोला वाईट होतं, पण एक गोष्ट मात्र दुपारीच नीट दिसते. सचिवालयाची इमारत २५४ मीटर लांब आहे, आणि तिच्या तोंडावर खोल खोल खोके रचल्यासारखे दिसतात. भाचीला ते मधाच्या पोळ्यासारखे वाटले. हे खोके शोभेसाठी नाहीत. ते उन्हाला अडवतात. चंडीगडला २१ जूनच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ८३ अंशांवर असतो, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. काँक्रीटच्या आडव्या फळीची सावली खिडकीवर पडते आणि खोली गार राहते. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य ३६ अंशांच्या आसपासच चढतो. तो तिरपा उजेड फळीच्या खालून आत शिरतो आणि थंडीत ऊब देतो. आपल्या कोकणातल्या घराला पुढे आलेली पडवी असते ना, तिचंही काम काहीसं असंच. फक्त तिला उन्हाइतकाच पाऊसही अडवायचा असतो.

भाचीने तिथला एक खोका निवडला. त्यात वर, सावलीत एक पारवा बसला होता. हा फोटो खेळात बसला! आणि पारवा तिथे का बसला असेल? पारव्याचे पूर्वज कडेकपारीत राहायचे. उभा कातळ, त्यात पुढे आलेला अरुंद टप्पा आणि वर दगडाचं छप्पर, असं घर त्यांना लागतं. आपण शहरात बांधलं तेच. पारव्याला ही इमारत म्हणजे कडाच वाटतो. आग्या मधमाश्यांचंही तसंच. रानात त्या कड्याच्या पुढे आलेल्या भागाखाली पोळं लटकवतात आणि शहरात उंच इमारतीच्या छज्ज्याखाली. (आग्या मोहोळाचा फोटो मात्र लांबूनच. अगदी लांबूनच.)

आता एक खास गोष्ट. पारव्याचा पहिला फोटो काळाकुट्ट आला. बाजूचं आकाश चकचकीत, आणि पारवा म्हणजे नुसता काळा ठिपका. का? कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही. तो समोरच्या दृश्यातल्या उजेडाची सरासरी काढतो आणि ती मध्यम राखाडी यावी असा प्रयत्न करतो. पांढरीशुभ्र चादर दाखवली तरी तो तिला राखाडीकडे ओढतो आणि काळं मांजर दाखवलं तरी राखाडीकडेच. चौकटीत आकाश जास्त होतं, म्हणून कॅमेऱ्याला वाटलं की उजेड फार झाला, आणि त्याने सगळंच अंधारं केलं. मी तिला म्हटलं, "पडद्यावर पारव्याच्या अंगावर बोट टेकव." तिने टेकवलं आणि पारव्याच्या मानेवरची हिरवी-जांभळी झाक झळकली. बोट टेकवलं की मोबाइल तेवढ्या भागाचा उजेड मोजतो.

फोटो काढणाऱ्यांच्या पिशवीत पूर्वीपासून राखाडी रंगाचं एक साधं पुठ्ठ्याचं कार्ड असतं. उजेड मोजायचा तो त्या कार्डावर. जुनं, उन्हापावसात मुरलेलं काँक्रीट रंगाने पुष्कळदा त्या कार्डाच्या आसपास असतं. म्हणजे कॅमेऱ्याला जो रंग सगळ्यांत सोयीचा, त्या रंगाचं अख्खं शहर आमच्यासमोर उभं होतं!

आणि त्यावरचा हिरवा? त्याचीही गंमत आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात उजेड टिपणारे लाखो अतिसूक्ष्म चौकोन असतात. प्रत्येकावर एका रंगाची काच बसवलेली असते. दर चार चौकोनांत एक लाल, एक निळा आणि दोन हिरवे. हिरवे दुप्पट! कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर या शास्त्रज्ञाला या मांडणीचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं. आपल्या डोळ्यांना हिरव्या उजेडातले बारकावे सगळ्यांत चांगले दिसतात, म्हणून त्याने कॅमेऱ्यालाही हिरव्याचं झुकतं माप दिलं. तुमच्या खिशातल्या मोबाइलचा अर्धा कॅमेरा हिरवा रंग बघण्यात गुंतलेला आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका बाजारामागच्या गल्लीत गेलो. कोणी सहलीला जात नाही अशी जागा. तिथल्या भिंतीच्या भेगेतून पिंपळाचं रोप आलं होतं, जेमतेम वीतभर. पानं मोजून सात. त्यांतलं सर्वांत वरचं पान तांबूस, कोवळं आणि इतकं पातळ की मागून ऊन आल्यावर त्याची शीरन् शीर दिसत होती. भाची जमिनीवर बसली, मग आडवी झाली आणि खालून वर कॅमेरा धरून बघू लागली. "आत्या, खालून बघ! वेगळंच हिरवं आहे!"

बरोबर होतं. पानावर पडून परत येणारा उजेड थोडा पांढुरका असतो, कारण पानाचा वरचा पृष्ठभाग चकाकतो. पानाच्या आरपार आलेला उजेड मात्र पानाने गाळून दिलेला असतो. लाल आणि निळा भाग पानाने अन्न तयार करायला ठेवून घेतलेला, आणि उरलेला पोपटी-हिरवा आपल्याकडे पाठवलेला. मागची भिंत उजेड अडवत होती आणि पुढचं पान तो गाळून देत होतं. एकाच चौकटीत दोन्ही. तिने काढलेल्या सगळ्या फोटोंत मला हा सर्वांत आवडतो.

एवढ्या वर, मातीचा कणही नसलेल्या भेगेत पिंपळ आला कुठून? एखाद्या बुलबुलाने किंवा साळुंकीने कुठेतरी पिंपळाची फळं खाल्ली, इथे बसून विष्ठा टाकली, आणि त्यातलं मोहरीहून लहान बी भेगेत गेलं. पिंपळाचं फळ कापून पाहिलं तर कळतं की ते बाहेरून फळ आणि आतून फुलांची बंद खोली आहे. एक इवलीशी गांधीलमाशी त्या खोलीत शिरते तेव्हाच परागीभवन होतं आणि उगवणारं बी तयार होतं. म्हणजे या रोपाच्या मागे एक माशी, एक पक्षी आणि एक भेग असे तिघं उभे होते.

पण नव्या कोऱ्या काँक्रीटवर असं काही उगवत नाही. का, ते ऐका. सिमेंट आणि पाण्याच्या संयोगात चुना तयार होतो आणि त्यामुळे ताजं काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं. आम्लता-अल्कता मोजायच्या पट्टीवर लिंबू २ वर, शुद्ध पाणी ७ वर आणि ताजं काँक्रीट १२ ते १३ वर. एवढ्या तिखट जागी कोण राहणार? पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू पृष्ठभागात मुरतो, चुन्याचं चुनखडीत रूपांतर करतो आणि हा आकडा ९ च्या आसपास उतरतो. भिंत मवाळ होते. दार किलकिलं होतं. आधी शेवाळ, मग दगडफूल, मग मॉस. त्यांच्या उशाशी धूळ साठते, ओल टिकते, आणि मग कधीतरी पिंपळ.

पाऊस जिथून ओघळतो तिथे भिंतीवर काळे पट्टे दिसतात ना? त्यांना आपण सरसकट 'डाग' म्हणतो आणि नाक मुरडतो. मला त्यांच्याविषयी फार माया आहे. ते पट्टे म्हणजे बहुतेकदा अतिसूक्ष्म जीवांची वसाहत असते. त्यात नीलहरित जीवाणू असतात. भिंतीवर दिवसभर ऊन सोसायचं, म्हणून त्यांतले काही जण स्वतःभोवती गडद रंगद्रव्याचं पांघरूण तयार करतात. ते अतिनील किरण अडवतं. भिंतीवरचा काळा पट्टा म्हणजे छत्र्या उघडून बसलेली गर्दी! आम्ही बाटलीतलं चार थेंब पाणी एका पट्ट्यावर सोडलं आणि थांबलो. थोड्या वेळात काळ्यातून मळकट हिरवी झाक वर आली. भाचीने पाण्याआधीचा आणि पाण्यानंतरचा असे दोन फोटो काढले आणि जाहीर केलं, "जिवंत आहे. खेळात बसतं."

या शहराच्या रस्त्यांवर कोणती झाडं लावायची, ते ठरवण्यात एका माणसाचा फार मोठा वाटा होता. ते म्हणजे डॉ. मोहिंदरसिंग रंधावा. ते सरकारी अधिकारी होते आणि वनस्पतिशास्त्रज्ञही. त्यांनी अभ्यास कशाचा केला होता, सांगा बरं? शेवाळाचा! गोड्या पाण्यातल्या शेवाळाच्या एका कुळावर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला. सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे धागे न्याहाळणाऱ्या माणसाने अख्ख्या शहराची झाडं निवडायला मदत करावी, हे मला फार सुंदर वाटतं. एका रस्त्याला एका जातीचं झाड अशी तिथली कल्पना, म्हणून बहाव्याचा रस्ता फुलला की टोकापर्यंत पिवळाच पिवळा. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो. तेव्हा सप्तपर्णी फुलली होती आणि संध्याकाळी रस्ते तिच्या उग्र गोड वासाने भरून जायचे. "वासाचा फोटो का नाही निघत?" भाची सारखी हळहळत होती.

तिसरा दिवस रॉक गार्डनचा. त्याची गोष्ट तर परीकथेसारखीच आहे. नेकचंद सैनी हे सरकारी खात्यात रस्त्यांवर देखरेख करणारे निरीक्षक होते. नवं शहर बांधायला जुनी गावं पाडली गेली आणि तिथे ढिगाने मोडतोड पडली. फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे, विटा. नेकचंद काम संपल्यावर सायकलवरून हे सगळं गोळा करायचे आणि जंगलातल्या एका घळीत नेऊन ठेवायचे. कोणालाही न सांगता त्यांनी तिथे सिमेंट-काँक्रीटची माणसं, प्राणी, पक्षी घडवायला सुरुवात केली. हे गुपित सुमारे १८ वर्षं टिकलं! जागा सरकारी होती, परवानगी नव्हती, तेव्हा सगळं पाडलंही गेलं असतं. पण लोकांना ते इतकं आवडलं की १९७६ मध्ये ही बाग रीतसर खुली झाली. नेकचंद २०१५ मध्ये वारले. बाग आज ४० एकरांच्या आसपास पसरली आहे.

तिथे बांगड्यांच्या तुकड्यांचे झगे घातलेल्या बाहुल्या रांगेने उभ्या आहेत. सगळे त्यांच्यासमोरच फोटो काढतात. आम्ही मात्र जास्त वेळ रमलो एका धबधब्यापाशी. तिथे वरून जाडजूड मुळं लोंबतात, वडाच्या पारंब्यांसारखी. ती काँक्रीटची आहेत. पण त्यांच्या मधून, त्यांना मिठी मारून, खरी मुळंही खाली उतरली आहेत. दोन्ही ओली, दोन्ही राखाडी, दोन्हींवर शेवाळ. आम्ही पैज लावली: खरं कोणतं, खोटं कोणतं? पाचपैकी दोन माझी चुकली. भाचीचं एकच चुकलं, कारण तिने एक युक्ती शोधली होती. खरं मूळ पुढे जाताना बारीक होत जातं आणि त्याला टोकाशी केसांसारखे तंतू असतात.

त्यावरून मला एक माळी आठवला. पॅरिसमधला जोसेफ मोनिए. मातीच्या कुंड्या फुटतात, लाकडी कुजतात, म्हणून त्याने सिमेंटच्या कुंड्या करून पाहिल्या आणि त्या तडकू नयेत म्हणून आत लोखंडी जाळी घातली. १८६७ मध्ये त्याने याचं पेटंट घेतलं. काँक्रीट दाब सोसतं पण ताण सोसत नाही, लोखंड ताण सोसतं. शिवाय उन्हाने दोन्ही जवळजवळ सारखीच फुगतात आणि थंडीने सारखीच आकसतात, म्हणून एकमेकांना सोडत नाहीत. आज पूल, तुमच्या डोक्यावरचा स्लॅब, सगळ्यांच्या पोटात सळया असतात त्या याच युक्तीने. आणि तिच्या सुरुवातीच्या पेटंटांपैकी एकावर नाव आहे झाडं लावणाऱ्या एका माणसाचं.

काँक्रीटची दुसरी बाजूही मी भाचीपासून लपवली नाही. सिमेंट तयार करायला चुनखडीचा दगड भट्टीत भाजावा लागतो. तेव्हा दगडातून आणि इंधनातून इतका कार्बन डायऑक्साइड निघतो की माणसामुळे हवेत जाणाऱ्या या वायूचा सुमारे ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. वाळूसाठी नद्या खरवडल्या जातात. ऐकून ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने विचारलं, "आणि तो चुनखडीचा दगड कुठून येतो?" पुष्कळशी चुनखडी म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या जीवांचे शंख-शिंपले आणि सांगाडे, तळाशी साठून दगड झालेले. तिने भिंतीवर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला.

घरी परतल्यावर पंधरा दिवसांत आमच्या इमारतीच्या आवारात कोबा घालायचं काम निघालं. गवंडीकाका थापीने ओलं काँक्रीट सपाट करत होते. भाची खालच्या पिंपळाचं एक पान घेऊन धावत गेली. "काका, हे इथे दाबू?"

"हात नको लावू बाळा, सिमेंट हात खातं," काका म्हणाले. खरंच आहे ते. लिंबू २ वर आणि ताजं सिमेंट १२-१३ वर, आठवतंय ना? हातमोज्यांशिवाय ओल्या सिमेंटला कधीच हात लावायचा नाही. मग काकांनीच ते पान घेतलं, उलटं करून शिरांची बाजू खाली ठेवली आणि थापीने हलकेच, अगदी पोळीवर तूप पसरावं तसं दाबलं. "उद्यापासून पाणी मारायचं. सात दिवस. विसरलीस तर तडा जाईल."

ती विसरली नाही. रोज सकाळी आणि संध्याकाळी झारी घेऊन खाली. तिसऱ्या दिवशी पान काळं पडून कडेने सुटलं, ते काडीने उचललं. तिच्या आजोबांनी वरून विचारलं, "काय चाललंय गं?" तर म्हणाली, "फोटो धुतेय, आजोबा!" पूर्वी रोल धुवायला टाकायचे, हे तिला त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं.

आठव्या दिवशी, रविवारी सात वाजता, ऊन कुंपणावरून तिरपं आत आलं आणि पान उमटून वर आलं. मधली शीर, तिला फुटलेल्या बाजूच्या शिरा, त्यांच्यामधलं बारीक जाळं. टोकाची लांब शेपटी तेवढी पुसट होती. तिथे बहुधा पान नीट टेकलं नसेल. आणि शेजारी, वीतभर अंतरावर, कोणाच्याच लक्षात न आलेली आणखी एक खूण: पुढे तीन बोटं, मागे एक. ओल्या कोब्यावरून एक कावळा चालत गेला होता.

भाची कॅमेरा घेऊन पालथी पडली. मग थांबली. "आत्या, पण यात जिवंत काहीच नाही. पानही ठसा आणि कावळाही ठसा. खेळात नाही बसत."

मी काही बोलणार, तेवढ्यात तिने हात वर करून मला गप्प केलं. कोब्याच्या कडेने एक काळी मुंगी आली. थबकली, मिशा हलवल्या, आणि पानाच्या मधल्या शिरेच्या खाचेत उतरून सरळ टोकाकडे चालू लागली.